कळलावीच्या कंदात बावीस की चव्वेचाळीस?

कळलावी कमी झाली हे सांगायला वनस्पतिशास्त्रज्ञ लागत नाही. बुलढाणा जिल्ह्यात घाटावर जा की घाटाखाली, जुन्या शेतकऱ्याला विचारले तर तो हात करून जागा दाखवतो: या धुऱ्यावर होती, त्या नाल्याच्या काठाला होती. धुरे अरुंद झाले, काटेरी कुंपणाच्या जागी तारा आल्या, निंदणाच्या जागी तणनाशकाची फवारणी आली. त्यात जडीबुटीच्या व्यापारासाठी कंद खणून नेणारे आले. झुडूप गेले की कळलावीचा आधारच जातो, कारण पानाच्या टोकाला असलेल्या तणाव्याने शेजारची फांदी धरून चढणारी ही वेल आहे. आता तिच्यासाठी उरली आहेत ती राखलेली राने: अजिंठ्याच्या रांगेतले ज्ञानगंगा अभयारण्य, उत्तरेला संग्रामपूर-जळगाव जामोदकडचे सातपुड्याचे उतार, आणि मधेमधे एखादी देवराई किंवा पडीक.

तिचा पसारा आफ्रिकेपासून आग्नेय आशियापर्यंत आहे. झिम्बाब्वेचे ते राष्ट्रीय फूल, तमिळनाडूचे राज्यफूल. त्यामुळे जात म्हणून ती इतक्यात संपणार नाही. संपते ती एकेका टापूतली वस्ती. ‘सगळीकडे आहे की’ असे म्हणून आपण ज्या वनस्पतीकडे दुर्लक्ष करतो, तिच्या दोन टापूंतल्या वस्त्या आतून एकच असतील असे धरून चालता येत नाही. कळलावीच्या बाबतीत हा फरक थेट गुणसूत्रांच्या संख्येपर्यंत पोचतो. तिच्या संवर्धनाच्या गप्पांत हा मुद्दा जवळजवळ येतच नाही, म्हणून हा आढावा.

लिनियसने १७५३ साली तिला ग्लोरिओसा सुपर्बा हे नाव दिले. पूर्वी ती लिली कुळात धरत, आता कोल्चिकेसी कुळात. तिचा मूळ गुणसूत्रसंच ११ चा. साध्या, द्विगुणित झाडाच्या पेशीत असे दोन संच, म्हणजे २२ गुणसूत्रे. पण जगभरातल्या मोजण्यांत २२ बरोबर ४४, ६६ आणि ८८ हेही आकडे आले आहेत. म्हणजे नाव एकच, फूल जवळजवळ तेच, आणि पेशीच्या आत कुठे दोन संच, कुठे चार, सहा, आठ. बागांत शोभेसाठी वाढवलेल्या वाणांत वरच्या पटी मिळतात. गुणसूत्रांचे संच असे पटीने वाढण्याला बहुगुणितता म्हणतात, आणि सपुष्प वनस्पतींच्या इतिहासात ती अगदी नेहमीची घटना आहे.

बुलढाण्याच्या शेतकऱ्याला याचे उदाहरण शोधायला रानात जावे लागत नाही, त्याच्या वावरातच आहे. जुनी देशी पऱ्हाटी, गॉसिपियम आर्बोरियम, २६ गुणसूत्रांची. आज जिकडेतिकडे दिसणारी अमेरिकन पऱ्हाटी, गॉसिपियम हिर्सुटम, ५२ गुणसूत्रांची; दोन वेगळ्या पूर्वजांचे संच एकत्र येऊन ती झाली. या दोघींचा सरळ संकर केला तर ३९ गुणसूत्रांचे झाड तयार होते आणि ते वांझ निघते. तीन संच जोडीजोडीने वाटले जात नाहीत, परागकण आणि बीजांडे बिघडतात, बी धरत नाही. देशी कपाशीची काटकता अमेरिकन कपाशीत आणू पाहणाऱ्या प्रत्येक पैदासकाराला हा ३९ चा अडसर ओलांडावा लागला. आपल्या केळात बी नसते त्याचेही कारण हेच: खाण्याचे बहुतेक केळे त्रिगुणित, ३३ गुणसूत्रांचे. केळे मुनव्यावर जगते म्हणून त्याचे बियांवाचून अडत नाही. रानातल्या वनस्पतीचे मात्र अडते.

कळलावी या दोन्ही मार्गांच्या मधे उभी आहे. तिचा कंद नांगराच्या आकाराचा, दोन फाट्यांचा. संस्कृतात तिला लांगली म्हणतात. फाट्याच्या टोकाला एकेक डोळा असतो. दरवर्षी जुना कंद आटतो आणि नवा तयार होतो, त्यामुळे वेल त्याच जागी वर्षानुवर्षे येत राहते. वांझ, त्रिगुणित वेलसुद्धा अशी पिढ्यान्‌पिढ्या टिकू शकते. वरून बघणाऱ्याला ती धडधाकट दिसते, फुलतेही. बी मात्र पोकळ. फुलाची रचना पाहिली तर बियांसाठी तिला दुसऱ्या वेलीची किती गरज आहे ते कळते. पाकळ्या मागे उलटलेल्या, खाली पिवळ्या आणि वर लाल. सहा पुंकेसर चहूकडे पसरलेले. आणि कुक्षिवृंत देठाशीच काटकोनात वळून फुलाच्या बाहेर गेलेला. आपलेच परागकण आपल्याच कुक्षीवर सहज पडू नयेत अशी ही मांडणी. तमिळनाडूत बियांसाठी कळलावीची शेती करणारे शेतकरी म्हणूनच हाताने परागीकरण करून घेतात. रानात ते काम फुलपाखरे आणि सूर्यपक्षी करतात, आणि त्यांना जवळपास दुसरी वेल, तीही जुळणाऱ्या संचाची, सापडावी लागते.

जुळणाऱ्या संचाची ही अट किती कडक असते ते ऑस्ट्रेलियातल्या एका छोट्या फुलाने दाखवून दिले. रुटिडोसिस लेप्टोरिंकॉइड्स हे शेवंतीच्या कुळातले, पिवळ्या गेंदांचे रोप. आग्नेय ऑस्ट्रेलियाच्या गवताळ माळांवर ते पूर्वी मुबलक होते. माळ नांगरले गेले आणि ते दफनभूमी, रेल्वेच्या कडेच्या पट्ट्या अशा उरल्यासुरल्या तुकड्यांत अडकले. ब्रायन मरे आणि अँड्र्यू यंग यांनी त्याच्या वस्त्यांची गुणसूत्रे मोजून २००१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. काही वस्त्या २२ च्या, काही ४४ च्या, आणि त्यांखेरीज इतरही आकडे. योगायोगाने मूळ संच कळलावीसारखाच ११ चा. २२ आणि ४४ ची रोपे शेजारी आली की मधे ३३ ची संतती जन्मते आणि तिची प्रजननक्षमता घटते. रोपे कमी पडली म्हणून एका वस्तीतले बी दुसरीत नेऊन टाकण्याची सदिच्छा इथे उलटी पडते: दुर्मिळ रोपाचे मोजके परागकण आणि मोजकी बीजांडे वांझ संततीवर खर्च होतात. त्यातही ज्या संचाची रोपे संख्येने थोडी, त्यांचे नुकसान जास्त, कारण त्यांच्या कुक्षीवर येणारे बहुतेक परागकण बहुसंख्याकांचे असतात. डोनाल्ड लेविन यांनी १९७५ सालीच हे गणित मांडले होते. संवर्धनाच्या योजनेत गुणसूत्रांची मोजणी पहिल्या पानावर का असावी, याचा याहून स्पष्ट दाखला मला माहीत नाही.

आपल्याकडे पाहिले तर औषधी वनस्पतींत या फरकाला आणखी एक पैलू मिळतो, तो रसायनाचा. घरोघरी बाळगुटीत उगाळले जाणारे वेखंड घ्या. त्याचा मूळ संच १२ चा. उत्तर अमेरिकेतले वेखंड २४ चे, युरोपातले ३६ चे, भारतात ३६ चेही मिळते आणि ४८ चेही. बीटा-असारोन नावाचे, प्राण्यांवरच्या प्रयोगांत घातक ठरलेले द्रव्य २४ च्या वेखंडात जवळजवळ नसतेच, ३६ च्यात थोडे असते, आणि ४८ च्या वेखंडाच्या तेलात तेच प्रमुख असते. अमेरिकेने १९६८ साली खाद्यपदार्थांत वेखंड वापरण्यावर बंदी घातली. वाण्याकडून आणलेला तुकडा कोणत्या संचाचा हे डोळ्यांनी कळत नाही. बाळाच्या जिभेवर जाणाऱ्या वस्तूबद्दल आपण इतके निर्धास्त असावे हे मला पटत नाही.

रानकांद्याचेही तसेच. माळरानावर पाने येण्याआधी नुसता फुलांचा दांडा उभा करणारी ही वनस्पती २०, ३० आणि ४० अशा तीनही आकड्यांत मिळते, आणि ३० ची झाडे कांद्यावर मजेत टिकून असतात. सुमिता झा आणि सेन यांनी १९८१ साली तिच्या अशा वेगवेगळ्या गुणसूत्री वंशांतली हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये तपासली होती. म्हणजे ‘संच बदलला तर औषध बदलते का’ हा प्रश्न भारतात चार दशकांपूर्वीच विचारला गेला आहे.

सगळ्याच दुर्मिळ वनस्पतींत असे असते असे मात्र नाही. कंदीलपुष्प, म्हणजे सेरोपेजिया, या आपल्या सह्याद्रीच्या लाडक्या वंशात बहुतेक जाती २२ वरच स्थिर आहेत. तिथे विविधता आली ती दुसऱ्या वाटांनी. सफेद मुसळीही १६ ची. मुंबईच्या बोरिवलीवरून जिचे शास्त्रीय नाव पडले त्या मुसळीने एकेकाळी सातपुड्याच्या पायथ्याच्या शेतकऱ्यांना भुरळ घातली, आणि बेण्याच्या मागणीपायी रानातले कंद भराभर खणले गेले. तिचा धोका खणतीचा, गुणसूत्रांचा नव्हे. म्हणून प्रत्येक वनस्पतीची आधी मोजणी, मग उपाय.

आता कळलावीची खरी अद्भुत गोष्ट. गुणसूत्रे दुप्पट करायचे जगातले सर्वांत प्रसिद्ध रसायन कोल्चिसीन, आणि कळलावी त्या रसायनाचेच झाड आहे. १९१५ साली क्लुअर, ग्रीन आणि टुटिन यांनी तिच्या कंदात ते शोधले. पुढे बियांतही ते भरपूर असल्याचे दिसले. पेशी विभागताना गुणसूत्रे दोन टोकांना ओढून नेणारे धागे ट्युब्युलिन या प्रथिनाचे बनतात. कोल्चिसीन त्या प्रथिनाला चिकटते आणि धागे तयारच होऊ देत नाही. गुणसूत्रे दुप्पट झालेली, ओढणारे कोणी नाही, पेशी तशीच पुढे चालू: एका पेशीत दोघींचा ऐवज. अल्बर्ट ब्लेकस्ली आणि अ‍ॅमॉस एव्हरी यांनी १९३७ साली हे तंत्र जगापुढे मांडले. ब्लेकस्लींचे आवडते झाड कोणते, तर धोतरा, आपल्या उकिरड्यावरचा. त्यानंतर जगभरच्या पैदासकारांची झुंबड उडाली. कपाशीत बीस्लीने १९४० साली देशी कपाशी आणि अमेरिकेतली एक रानकपाशी यांचा वांझ संकर कोल्चिसीनने दुप्पट करून सुपीक केला आणि ५२ च्या कपाशीचे मूळ कसे असेल ते दाखवले. जपानात किहारांनी याच मार्गाने बिनबियांचे कलिंगड केले. माणसाची गुणसूत्रे ४८ नसून ४६ आहेत हे तिओ आणि लेवान यांना १९५६ साली ठामपणे सांगता आले, तेही पेशींना कोल्चिसीन देऊन विभाजन नेमक्या टप्प्यावर थांबवल्यामुळे.

या इतिहासात एक नाव आपल्या मातीतले आहे आणि ते वारंवार घ्यायला हवे: ई. के. जानकी अम्माळ. कोइमतूरला उसाच्या संकरांवर काम केलेल्या या बाईंनी सी. डी. डार्लिंग्टन यांच्याबरोबर १९४५ साली लागवडीच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा कोश प्रसिद्ध केला. इंग्लंडमध्ये विस्लीच्या बागेत त्यांनी मॅग्नोलियाच्या रोपांवर कोल्चिसीन वापरले. पुढे पंडित नेहरूंच्या आमंत्रणावरून परत येऊन भारतीय वनस्पती सर्वेक्षणाची घडी त्यांनी नव्याने बसवायला घेतली. वनस्पती नुसती वाळवून चिकटवायची नाही, तिच्या पेशीत डोकावायचे, ही त्यांची दृष्टी. याच सर्वेक्षणाने २००० साली दिवाकर आणि शर्मा यांचा बुलढाणा जिल्ह्याचा वनस्पतिकोश काढला. जिल्ह्याच्या वनस्पतींची नावनिशी त्यात आहे. जानकी अम्माळांच्या वाटेने जायचे तर पुढची पायरी त्या नावांपुढे गुणसूत्रांचा आकडा लिहिण्याची.

कोल्चिसीन अंगात असलेल्या वेलीत गुणसूत्रांच्या पटी सापडतात म्हटल्यावर मनात लगेच येते की तिने स्वतःच्याच विषाने स्वतःची गुणसूत्रे वाढवली असणार. कल्पना मोहक आहे, पण मी ती मान्य करत नाही. ज्या कोल्चिकम वनस्पतीवरून या रसायनाचे नाव पडले, तिच्या मुळांवर लेवान यांनी प्रयोग केले तेव्हा इतर वनस्पतींना गारद करणारी मात्रा ती सहज पचवते असे दिसले. विष बाळगणारी वनस्पती त्याच्यापासून स्वतःला सांभाळते. जपानी संशोधकांनी प्रयोगशाळेत कळलावीच्या ऊतींना बाहेरून कोल्चिसीन देऊन चार संचांची रोपे मिळवली आहेत, पण ती प्रयोगशाळेतली जबरदस्ती. रानात बहुगुणितता येते ती मुख्यतः वेगळ्या वाटेने: कधी परागकण किंवा बीजांड तयार होताना संच निम्मा व्हायचा राहून जातो, असे दोन न निम्मावलेले एकत्र येतात, आणि कंदावर जगणारी वनस्पती तो अपघात सांभाळून ठेवते. वेखंड, रानकांदा, कळलावी तिघेही जमिनीखालून वाढणारे आहेत, हे त्यातले खरे सूत्र.

विषाचा विषय निघाला आहे तर हेही सांगितले पाहिजे. आयुर्वेदात लांगलीची गणना उपविषांत आहे. कंदाचा थोडासा तुकडाही जीव घेऊ शकतो आणि कोल्चिसीनच्या विषबाधेवर हमखास उतारा हाताशी नसतो. तरीही हेच द्रव्य वातरक्तावर, म्हणजे गाऊटवर, मोजक्या मात्रेत दिले जाते, आणि पाठ धरली की औषधाच्या दुकानातून आणली जाणारी थायोकोल्चिकोसाइडची गोळीही कळलावीच्या बियांतल्या द्रव्यापासून तयार करता येते. म्हणूनच बियांना बाजार आहे आणि तमिळनाडूत दिंडिगुल, करूर, तिरुप्पूरच्या बाजूला शेती आहे. तिथल्या लागवडीसाठी लागणारे कंद सुरुवातीला रानांतूनच आले.

बुलढाण्यासाठी धोका याच टोकाला आहे. उद्या कोणी चांगल्या मनाने ठरवेल की ज्ञानगंगेच्या परिसरात किंवा शाळेच्या औषधी बागेत कळलावी पुन्हा लावू, आणि रोपवाटिकेतून किंवा परराज्यातून कंद मागवील. ते कंद ४४ चे किंवा ८८ चे असू शकतात. इथली वस्ती २२ ची असेल आणि तिच्या चार-दोनच वेली उरल्या असतील, तर पाहुण्यांच्या परागकणांनी त्यांची बी धरण्याची शेवटची संधीही जाईल. लागवडीचा कार्यक्रम फोटोत यशस्वी दिसेल, कारण फुले भरघोस येतील.

मोजणी अवघड नाही आणि तिच्यासाठी कंद उपटावा लागत नाही. खरे तर उपटूच नये. गुणसूत्रे मोजायची रूढ पद्धत मुळाच्या टोकाची आहे: कोंब फुटलेल्या कंदाची कोवळी मुळे सकाळी घ्यायची, ८-हायड्रॉक्सिक्विनोलीनमध्ये काही तास ठेवायची, अल्कोहोल आणि अ‍ॅसेटिक आम्लाच्या तीनास एक मिश्रणात मुरवायची, आम्लात मऊ करून रंगवायची आणि काचपट्टीवर अंगठ्याने दाबून पसरायची. पण रानातल्या वेलीसाठी कळी पुरते. अगदी कोवळी, हिरवी कळी, तिच्यातला एक परागकोश, त्यावर अ‍ॅसिटोकार्माइनचा थेंब, वर आच्छादक काच. परागकण घडवणाऱ्या पेशी नेमक्या टप्प्यावर मिळाल्या तर द्विगुणित वेलीत अकरा जोड्या मोजता येतात, गडद लाल, एकमेकींपासून सुट्या. त्रिगुणित असेल तर तीन-तीनचे गुंते आणि एकट्या पडलेल्या गुणसूत्रांची पांगापांग दिसते. एका पेशीवर विश्वास ठेवायचा नाही. निदान दहा पेशींत तोच आकडा यावा. त्याहून सोपी चाचणी उमललेल्या फुलाची: परागकण रंगवायचे, भरलेले लाल दिसतात, पोकळ फिके आणि सुरकुतलेले. पोकळांचे प्रमाण मोठे असेल तर त्या वेलीत काहीतरी जुळत नाही हे लगेच कळते. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेतल्या कोणत्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, पदवीच्या विद्यार्थ्यांना, एवढे साहित्य मिळू शकते. मोठ्या संस्थांत तर पानाच्या तुकड्यातल्या डीएनएचे प्रमाण यंत्रावर मोजून पट ओळखतात, आणि एका दिवसात अनेक नमुने होतात.

२०१९ साली टिपेश्वर अभयारण्यातून हजाराहून अधिक किलोमीटर चालत एक वाघ ज्ञानगंगेत आला, तेव्हा त्याच्या गळ्यातल्या पट्ट्याने त्याचे प्रत्येक पाऊल टिपले होते. त्या अभ्यासाचे मोल मोठेच आहे. त्याच रानातल्या वेलीसाठी काचपट्टी, रंगाची बाटली आणि सूक्ष्मदर्शक एवढेच लागते, आणि ती चालत कुठे जात नाही.

काम करायचे तर जैवविविधता कायद्याखाली गावोगावी झालेल्या लोक जैवविविधता नोंदवह्यांपासून सुरुवात करता येईल. कळलावी जिथे नोंदली आहे ती जागा जुलै ते सप्टेंबर या फुलण्याच्या दिवसांत पाहायची, वेली मोजायच्या, दर वस्तीतून दोन-तीन कळ्या आणि थोडे पराग घ्यायचे, आणि आकडा त्याच नोंदवहीत त्या गावाच्या नावापुढे लिहायचा. दिवाळीच्या सुमारास शेंगा तडकू लागल्या की दर वस्तीचे बी वेगळ्या पाकिटात ठेवायचे, घाटावरचे घाटाखालच्यात मिसळायचे नाही. राज्य सरकारने २०२२ साली मंजुरी दिलेल्या महाराष्ट्र जनुक कोशासारख्या उपक्रमात हे बी गेले, तर पाकिटावर जागा, तारीख आणि गुणसूत्रांची संख्या तिन्ही असायला हवीत. पुनर्लागवड करायचीच झाली तर त्याच वस्तीच्या बियांपासून करायची. बियांपासून फुलापर्यंत तीन-चार वर्षे जातात, बियांचे कवच कठीण असते आणि उगवण रेंगाळते, त्यामुळे अनुदानाच्या एका वर्षात हे बसत नाही. वन विभागाने रोपवाटिकेचा आराखडा करताना ही वर्षे धरूनच तो करावा.